घशाचा कर्करोग आणि घरची माणसे : जनरल ग्रँट यांचे शेवटचे वर्ष

तुमच्यापैकी काही जण हा लेख रुग्णालयाच्या बाकावर बसून वाचत असतील. आत तुमच्या माणसाचे रेडिएशन चालू असेल, हातात फाईलची पिशवी असेल आणि डोक्यात नको नको ते विचार. म्हणून आज कर्करोगाची लक्षणे आणि तपासण्या यांची नेहमीची माहिती न देता तुम्हाला एका रुग्णाची गोष्ट सांगतो. रुग्ण प्रसिद्ध आहे, पण त्याच्या घरात जे घडले ते तुमच्या-आमच्या घरात घडते त्याहून फारसे वेगळे नाही.

युलिसिस ग्रँट यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. वडिलांचा कातडी कमावण्याचा धंदा. वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत शिक्षण, मग फौजेत नोकरी, ती सोडल्यावर शेती आणि धंद्यात अपयश. वयाच्या अडतिसाव्या वर्षी हा माणूस वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करत होता. पुढच्याच वर्षी, १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि सगळे बदलले. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या मुख्य सैन्याने ९ एप्रिल १८६५ रोजी शरणागती पत्करली ती ग्रँट यांच्यापुढे. पुढे १८६९ ते १८७७ अशी आठ वर्षे ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. पदावरून उतरल्यावर पत्नी ज्युलिया यांच्यासह ते जगप्रवासाला निघाले आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये आपल्या मुंबईतही येऊन गेले.

युद्धातली एक बाब डॉक्टर म्हणून मला महत्त्वाची वाटते. १८६२ मध्ये त्यांनी फोर्ट डोनेल्सन जिंकला तेव्हा वर्तमानपत्रांनी तोंडात सिगार धरलेल्या सेनापतीचे वर्णन छापले. झाले! कौतुकाने लोकांनी त्यांना हजारो सिगार भेट पाठवले. आधी ते बेताने ओढत, घरात एवढा साठा आल्यावर मात्र ती सवय कायमची जडली. आपल्याकडे लग्नाकार्यात, मित्रांच्या बैठकीत, कामावरच्या चहाच्या सुट्टीत तंबाखूची पुडी अशीच प्रेमाने पुढे केली जाते. तंबाखू बहुतेक वेळा शत्रू देत नाही, आपलेच कोणीतरी देते.

१८८४ साल उजाडले तेव्हा ग्रँट न्यूयॉर्कमध्ये राहत होते. एका भागीदारी पेढीत त्यांचे आणि मुलांचे पैसे गुंतले होते. त्या पेढीचा तरुण भागीदार लबाड निघाला, मे महिन्यात पेढी बुडाली आणि माजी राष्ट्राध्यक्षांच्या घरात रोजच्या खर्चाची चिंता सुरू झाली. त्याच उन्हाळ्यात समुद्रकाठच्या घरी जेवताना त्यांनी एक पीच फळ खाल्ले आणि घशातून कळ गेली. फळातल्या किड्याने डंख केला असे त्यांना वाटले. पाण्याने चुळा भरल्या, कळ थांबेना. ज्युलियांनी डॉक्टरांकडे जायला सांगितले, त्यांनी टाळले. शेजारच्यांकडे आलेल्या एका नामांकित डॉक्टरांनी घसा पाहून थोडे औषध दिले आणि स्वतःच्या डॉक्टरांना लवकर दाखवा असे बजावले. पण घरचे डॉक्टर युरोपला गेले होते, ते परत येईपर्यंत ग्रँट थांबले. घशाचे तज्ज्ञ डॉ. जॉन डग्लस यांच्याकडे ते पोहोचले तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता.

लढाईत न डगमगणारा माणूस तपासणीला मात्र घाबरला, असे मी म्हणणार नाही. पैशाची काळजी होती, रोज उठून कामाचे लेख लिहायचे होते. दुखणे मागे ढकलायला एवढे पुरते. माझ्याकडे येणारे रुग्णही हेच सांगतात : मुलीचे लग्न होते, कापणीचे दिवस होते, दिवाळी झाली की येणार होतो. तोंडातली किंवा घशातली जखम, गाठ, गिळताना एकाच जागी होणारे दुखणे किंवा आवाजातला घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर कृपया कशाचीही वाट पाहू नका. दुखत नसले तरी दाखवा.

डॉ. डग्लस यांना जिभेच्या मुळाशी आणि टॉन्सिलजवळ जखम दिसली. ग्रँट यांनी सरळ विचारले, हा कर्करोग आहे का? डॉक्टरांनी तो शब्द टाळला. आजार गंभीर आहे, वरच्या त्वचेच्या पेशींपासून झालेला आहे, कधीकधी बरा होतो, असे उत्तर दिले. ग्रँट काय समजायचे ते समजले आणि घरी येऊन गप्प राहिले. ज्युलियांना खरे काही कळेना. शेवटी त्या स्वतःच तज्ज्ञांकडे गेल्या आणि तिथे त्यांना सगळे समजले.

आपल्याकडे बहुधा उलटे होते. रुग्णाला बाहेर बसवून मुलगा आत येतो आणि हळूच म्हणतो, डॉक्टर, बाबांना सांगू नका, त्यांना सहन होणार नाही. त्यामागचे प्रेम मला कळते. पण वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, बाबांना बहुतेक वेळा कळलेलेच असते. मग बाबा मुलासाठी लपवतात, मुलगा बाबांसाठी, आणि दोघेही एकाच घरात एकटे पडतात. ग्रँट यांच्या घरात सत्य सर्वांना कळले, आणि पुढचे जे काही चांगले घडले ते त्यानंतरच.

उपचार म्हणावेत असे त्या काळी फार थोडे होते. क्षकिरणांचा शोध १८९५ मध्ये लागला, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. केमोथेरपी तर १९४० च्या दशकातली. शस्त्रक्रियेचा विचार झाला, पण जबडा आणि जिभेचा मोठा भाग काढावा लागला असता. तेवढे करूनही गुण येण्याची आशा नव्हती, म्हणून डॉक्टरांनी तो मार्ग सोडला. राहिले ते गुळण्या, जखम स्वच्छ ठेवणे आणि वेदना कमी करणे. कोकेनने जागा बधिर करता येते हे त्याच वर्षी, १८८४ मध्ये, व्हिएन्नात समजले होते. ते औषध ग्रँट यांच्या घशाला लावले जाई. रात्री झोपेसाठी मॉर्फिन. सुरुवातीला घशाला औषध लावून घ्यायला ते पैसे वाचवण्यासाठी ट्रामगाडीने डॉक्टरांकडे जात.

पाणी गिळणे त्यांना वितळलेले शिसे गिळल्यासारखे वाटे. आडवे झाले की गुदमरायचे, म्हणून दोन चामडी खुर्च्या समोरासमोर ठेवून त्यांतच बसून झोपायचे. रेडिएशनच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात तोंड आणि घसा सोलवटून निघतो, तेव्हा तुमच्या माणसाचे हाल थोडेफार असेच असतात. फरक एवढाच की आज तो त्रास तात्पुरता असतो आणि त्यावर इलाज आहे. जेवण जात नसेल तर नळीने अन्न देता येते, ती नळी म्हणजे शेवट आला असे मुळीच नाही. वेदना असह्य असतील तर मॉर्फिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरक्षितपणे देता येतात. व्यसन लागेल या भीतीने घरचे लोक गोळी लपवून ठेवतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. ग्रँट यांनाही सवय लागण्याची भीती होतीच. शिवाय औषधाने डोके जड होई आणि त्यांना डोके ताजे हवे होते. कारण ते पुस्तक लिहीत होते.

युद्धाच्या आठवणी लिहून त्यातून येणारा पैसा ज्युलियांसाठी ठेवायचा, एवढा एकच हेतू होता. लेखक मार्क ट्वेन यांनी आपल्या प्रकाशन संस्थेतर्फे नफ्याचा सत्तर टक्के वाटा देऊ केला. मग सारे घर त्या पुस्तकाभोवती फिरू लागले. थोरला मुलगा फ्रेड जुने कागद, नकाशे, तारखा तपासून देई. कन्या नेली इंग्लंडहून आली. नातवंडे घरात खेळत. हॅरिसन टेरेल नावाचे सेवक दिवसरात्र जवळ असत. पूर्वी गुलाम असलेला हा माणूस त्यांच्या शेवटच्या काळाचा मोठा आधार होता. आवाज होता तोवर ग्रँट मजकूर सांगत आणि लेखनिक उतरवून घेई. आवाज गेल्यावर ते शालीत गुंडाळून, डोक्याला लोकरीची टोपी घालून पेन्सिलने स्वतः लिहीत.

घरच्यांनी त्यांना विश्रांती घ्या म्हणून अडवले नाही, हे मला फार शहाणपणाचे वाटते. आजाऱ्याला पलंगावर बसवून त्याच्या हातातले प्रत्येक काम काढून घेणे ही आपली सेवा. पण हिशेब पाहणारे आजोबा हिशेबच पाहू द्यावेत, भाजी निवडणारी आई भाजीच निवडू दे, अंगात ताकद असेपर्यंत.

आता श्रद्धेबद्दल. ग्रँट यांचे आईवडील मेथडिस्ट पंथाचे, आई विशेष धार्मिक. ज्युलियाही श्रद्धाळू. ग्रँट स्वतः मात्र देवाधर्माबद्दल बोलत नसत, त्यांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. एप्रिल १८८५ च्या सुरुवातीला एका रात्री ते अत्यवस्थ झाले. घराबाहेर मृत्यूची बातमी टिपायला वार्ताहर जमले होते. कुटुंबाचे धर्मगुरू जॉन न्यूमन यांनी तेव्हाच त्यांचा बाप्तिस्मा केला, डॉक्टरांनी ब्रँडीची इंजेक्शने दिली. काही दिवसांनी घशातून मोठा रक्तस्राव झाला, सडलेला भाग सुटून पडला आणि आश्चर्य म्हणजे त्यांना आराम वाटू लागला. न्यूमन यांनी श्रेय प्रार्थनेला दिले, डॉक्टरांनी ते मान्य केले नाही. ग्रँट यांनी कोणाशीच वाद घातला नाही. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू अशा सर्वांनी आपल्यासाठी प्रार्थना केली याबद्दल त्यांनी पुढे एका भेटीला आलेल्या धर्मगुरूंना चिठ्ठी लिहून समाधान कळवले. पुस्तक त्यांनी चालू ठेवले आणि घशाचे औषधही.

तुमच्या घरात कोणी नवस बोलले असेल, कोणी पारायण लावले असेल, कोणी अंगारा किंवा दर्ग्यावरचा धागा आणला असेल. माझी त्याला हरकत नसते. माणसाला धीर लागतो आणि तो मी लिहून देऊ शकत नाही. माझी हरकत दोनच ठिकाणी असते. एक, उपवासामुळे आधीच खंगलेल्या माणसाचे जेवण बुडते तेव्हा. दुसरी, देवाच्या किंवा एखाद्या बाबाच्या नावाखाली केमोची तारीख चुकते तेव्हा. आणि रुग्णाचे मनही विचारा. आपली भीती कमी व्हावी म्हणून आपण त्याच्याकडून देवदेव करून घेत नाही ना, हे एकदा तपासून बघा. ज्युलिया प्रार्थना करत, ग्रँट त्यांना करू देत. तेवढे दोघांनाही पुरे होते.

जूनमध्ये न्यूयॉर्कचा उकाडा सोसेना, म्हणून १६ जूनला त्यांना साराटोगाजवळच्या माउंट मॅकग्रेगर या डोंगरावरच्या बंगल्यात हलवले. तिथे व्हरांड्यात बसून ते शेवटची पाने तपासत. बोलणे पूर्ण थांबले होते, डॉक्टरांशी आणि घरच्यांशी सगळा संवाद चिठ्ठ्यांवर. आपल्या वेदना, औषधाची मात्रा, किती दिवस उरले असतील याचा अंदाज, सारे त्या चिठ्ठ्यांत शांतपणे लिहिलेले आहे. पुस्तक पुरे झाले आणि थोड्याच दिवसांत, २३ जुलै १८८५ रोजी सकाळी, कुटुंबीय भोवती असताना त्यांचा मृत्यू झाला. वय ६३.

दोन खंडांचे, बाराशेहून अधिक पानांचे ते पुस्तक अफाट खपले. ज्युलियांना त्यातून चार लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली.

मृत्यूनंतर त्यांच्या अंगावरच्या कपड्यांत ज्युलियांच्या नावे एक पत्र सापडले. ते २९ जूनला लिहिलेले होते. त्यात मुलांबद्दल लिहिले होते, दफन कुठे करावे याचा विचार होता आणि दुसऱ्या, अधिक चांगल्या जगात पुन्हा भेट होईपर्यंतचा निरोप होता. वेस्ट पॉइंट त्यांना आवडले असते, पण तिथे पत्नीला शेजारी जागा मिळणार नव्हती. जिथे ज्युलियांना शेजारी जागा मिळेल तिथेच आपल्याला ठेवावे, एवढी त्यांची अट होती. त्यांचे दफन न्यूयॉर्कमध्ये झाले. ज्युलिया १९०२ मध्ये गेल्या आणि त्यांना तिथेच, त्यांच्या शेजारी ठेवण्यात आले.