ग्रंथपालाचे मोल ओळखणारा राजा : महाराजा सयाजीराव गायकवाड

डहाणू रोड स्थानकावरून उत्तरेकडे जाणारी गाडी उंबरगाव, संजाण, वापी, वलसाड मागे टाकीत नवसारीस पोहोचते. आज गुजरातेत असलेला हा नवसारी परिसर एके काळी बडोदे संस्थानाचा एक प्रांत होता. आपल्या डहाणू-तलासरीवर त्या काळी इंग्रजांचा अंमल होता, आणि काही तासांच्या वाटेवर मराठी मातृभाषा असलेल्या एका राजाचे राज्य होते. या राजाने शाळा काढल्या, ग्रंथालये काढली आणि ग्रंथालय सांभाळणाऱ्या माणसाला राज्याच्या तिजोरीतून वेतन दिले. त्याच्या चरित्राची ही बाजू आज आपण मुद्दाम आठवावी अशी आहे.

सयाजीरावांचा जन्म 1863 साली नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या खेड्यात झाला. मूळ नाव गोपाळ. वडील काशीराव शेतकरी होते. बडोद्याचे मल्हारराव पदच्युत झाल्यावर खंडेरावांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांनी 27 मे 1875 रोजी या मुलाला दत्तक घेतले. गोपाळ तेव्हा बारा वर्षांचा होता आणि अक्षरओळखही त्याला जेमतेम होती. ज्या वयात इतर मुले चार बुके वाचून झालेली असतात, त्या वयात या मुलाने धुळाक्षरे गिरवली. इलियट यांच्यासारखे शिक्षक आणि सर टी. माधवराव यांच्यासारखे दिवाण त्याला लाभले. 28 डिसेंबर 1881 रोजी राज्यकारभाराची संपूर्ण सूत्रे त्याच्या हाती आली. उशिरा शिकलेल्या माणसाला अक्षराची किंमत अधिक कळते, याची साक्ष पुढील सत्तावन्न वर्षांच्या कारभारात जागोजागी मिळते.

अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी त्यांनी सुरुवातीच्या वर्षांतच शाळा उघडल्या. तेथे शिकवावयास सवर्ण शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. सोनगडच्या डोंगराळ मुलुखात आदिवासी मुलांसाठी राहण्याजेवण्याच्या सोयीसह शाळा काढली. निवासी शाळा म्हणजे काय, हे आपल्या संस्थेशी नाते असलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. ज्या मुलाच्या घरी दिवा नाही त्याला दिवा द्यायचा, आणि त्या दिव्याखाली वाचायला पुस्तकही द्यायचे.

सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी 1893 साली अमरेली भागात केला. मध्यंतरी छप्पनच्या दुष्काळाने गुजरात होरपळून निघाला. तिजोरीवर ताण आला, माणसे आणि गुरे दगावली. असल्या प्रसंगी शिक्षणाच्या खर्चाला कात्री लावण्यास सबळ कारण होते. परंतु 1906 साली महाराजांनी ही सक्ती साऱ्या संस्थानात लागू केली.

मुले वाचावयास शिकली. आता त्यांनी वाचावे काय, हा प्रश्न उभा राहिला. शाळा सोडल्यावर दोन-चार वर्षांत अक्षरे विसरली जातात आणि शिक्षणावर केलेला खर्च मातीत जातो, हे महाराजांच्या ध्यानी आले होते. अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. 1910 साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास पाचारण केले. नुसती पुस्तके विकत घ्यायची असती तर ती मुंबईच्या दुकानातूनही घेता आली असती. महाराजांनी आधी माणूस आणला.

बोर्डन तीन वर्षे राहिले. या काळात ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभे राहिले. महाराजांनी राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाला दिले. तेथे स्त्रियांसाठी व मुलांसाठी वेगळे विभाग झाले. 1911 साली ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. डॉ. रंगनाथन यांनी मद्रासेस ग्रंथपालाचे काम हाती घेतले ते 1924 साली. बडोद्याचा वर्ग त्याच्याही तेरा वर्षे आधीचा. ग्रंथपाल होण्यास शिक्षण लागते, कपाटाची किल्ली कमरेला असणे पुरेसे नाही, हे बडोद्याने तेव्हाच मान्य केले होते.

गावोगावच्या ग्रंथालयांसाठी सोपा नियम होता. गावाने जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने घालावी आणि तेवढीच सरकारने. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत असत. गुजरातेत मोतीभाई अमीन यांनी या कामी गावकऱ्यांना जोडून घेतले. बोर्डन परत गेल्यावर खाते गुंडाळले गेले नाही. कुडाळकर आणि पुढे न्यूटन दत्त यांनी ते सांभाळले. साहेब गेला, पण त्याची जागा रिकामी ठेवली गेली नाही.

बौद्ध वाचकांनी दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात. धर्मानंद कोसंबी बौद्ध विद्येचे अध्ययन करून परतले तेव्हा, महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून, सयाजीरावांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. बडोद्यात कोसंबींनी दिलेली व्याख्याने 1910 साली 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने ग्रंथरूप झाली. मराठी वाचकाच्या हाती बुद्धवचनाचा अर्थ पोहोचण्यात या मदतीचा वाटा आहे.

दुसरी गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या शब्दावरून महाराजांनी भीमरावांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा पंचवीस रुपये दिले आणि 1913 साली कोलंबिया विद्यापीठात पाठविले. करारानुसार 1917 साली बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. येथे मात्र महाराजांचे राज्य उणे पडले. एवढ्या मोठ्या विद्वानाला शहरात कोणी खोली देईना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी, ग्रंथालयातून आदल्या रात्री आणलेली पुस्तके परत करण्यासाठी ते उचलून घेत असताना, जिन्यावर पावले वाजली आणि लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना घेरले. संध्याकाळपर्यंत ती जागा सोडावी लागली. गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले.

या प्रसंगात महाराजांच्या सुधारणेची मर्यादा उघडी पडते आणि ती झाकण्याचे कारण नाही. हुकूम काढल्याने माणसांची मने बदलत नाहीत. तरी एक तपशील मनात घर करतो. ज्या शहराने त्यांना छप्पर नाकारले, त्या शहरात त्यांच्या हाती पुस्तक आले होते. पुढे बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. आणि 1946 साली सिद्धार्थ महाविद्यालय उघडले तेव्हा शां. शं. रेगे यांच्यासारखा जाणता ग्रंथपाल तेथे होता.

6 फेब्रुवारी 1939 रोजी सयाजीरावांचे निधन झाले. दहा वर्षांनी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

आता आपल्याकडे पाहू. डहाणू तालुक्यातच कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाड्यावरच्या मुलापर्यंत शिक्षण नेले. त्या मुलाची बोली वारली असते, पाठ्यपुस्तकाची मराठी त्याला परकी वाटते. अशा मुलाला त्याच्या वयाचे, त्याच्या आवडीचे, त्याला झेपेल असे पहिले पुस्तक शोधून देणे हे जाणकाराचे काम आहे. परंतु शाळेच्या खर्चाला कात्री लागते तेव्हा पहिली नजर ग्रंथपालाच्या जागेवर जाते. पटसंख्या कमी म्हणून पूर्णवेळ जागा मिळत नाही. कोठे अर्धवेळ माणूस असतो, तर कोठे गणिताच्या शिक्षकांकडेच किल्ली असते. पुस्तक हरवले तर भरून कोणी द्यायचे, या भीतीने कपाट उघडत नाही. पुस्तके नवी कोरी राहतात आणि दप्तरी ग्रंथालय असल्याची नोंदही राहते.

ग्रंथपालाची जागा गेल्याचे नुकसान त्या वर्षीच्या ताळेबंदात दिसत नाही. दहा वर्षांनी, शाळा सोडलेला मुलगा अर्ज लिहिताना अडखळतो किंवा सातबाऱ्याचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घेतो, तेव्हा ते दिसते. सयाजीरावांना हा हिशेब कळला होता, म्हणून त्यांनी शाळेच्या मागोमाग ग्रंथालय आणि ग्रंथालयाच्या आधी ग्रंथपाल आणला.

या स्मरणिकेच्या निमित्ताने अनेक माजी विद्यार्थी शाळेला पुस्तके भेट देऊ इच्छितात. ते स्वागतार्हच आहे. मात्र त्याबरोबर बडोद्याचा तिहेरी नियमही आठवावा. एक वाटा संस्थेने, एक वाटा माजी विद्यार्थ्यांनी आणि एक वाटा पालक व समाजाने उचलला, तर ग्रंथपालाचे वेतन कोणा एकावर भार होणार नाही. आणि शासनाकडे मंजूर जागेची मागणी करतानाही आपला शब्द वजनदार ठरेल. कवळाण्याच्या एका शेतकऱ्याच्या मुलाला बाराव्या वर्षी अक्षर भेटले आणि त्याने लाखोंच्या हाती पुस्तक पोहोचविण्याचा ध्यास घेतला. आपल्या वसतिगृहातही असे गोपाळ आहेत. संध्याकाळी ग्रंथालयाचे दार उघडे असावे आणि दारात त्यांना नावाने ओळखणारे कोणीतरी असावे, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.