सव्विसाव्या वर्षी हाती आलेली चळवळ

तरुणांनी पुढे यावे, असे प्रत्येक सभेत सांगितले जाते. प्रत्यक्षात तरुण सतरंज्या अंथरतात आणि व्यासपीठावर तीच माणसे बसतात. म्हणून आज आम्हाला मार्टिन ल्युथर किंग यांच्या तरुणपणाची आठवण द्यावीशी वाटते. वॉशिंग्टनचे त्यांचे भाषण साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण त्याआधी आठ वर्षे, एका लहान शहरातील लोकांनी सव्वीस वर्षांच्या पाद्र्याच्या हाती चळवळ दिली, हे फारसे कोणी सांगत नाही.

किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात झाला. वडील आणि आईचे वडील, दोघेही एबेनेझर बाप्टिस्ट चर्चचे पाद्री. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती. पण दक्षिणेत कृष्णवर्णीयांची शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, बसमधली जागा वेगळी. त्यांच्या स्वतःच्या मालकीची मोठी संस्था म्हणजे त्यांचे चर्च. मोलकरणींनी, हमालांनी पै-पै जमवून ते उभे केले होते. पाद्र्याचा पगार गोऱ्या मालकाकडून येत नव्हता. सगळेच पाद्री त्या स्वातंत्र्याचा उपयोग करीत नसत. पण ज्याला बोलायचे होते त्याला जागा होती.

पंधराव्या वर्षी किंग मोरहाऊस कॉलेजात गेले. पाद्री होण्याचा विचार त्यांना तेव्हा नकोसा होता. प्रार्थनेतला आरडाओरडा आणि भावनेचा पूर त्यांच्या बुद्धीला पटत नव्हता. कॉलेजचे अध्यक्ष बेंजामिन मेज हे स्वतः पाद्री आणि विद्वान. धर्मपीठावरूनही विचाराने बोलता येते आणि अन्यायाचा हिशेब मागता येतो, हे किंग यांनी त्यांच्यात पाहिले. १९४८ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी पाद्रीपद स्वीकारले. पुढे धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९५५ साली बोस्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. उत्तरेत सुखाची नोकरी मिळण्यासारखी होती. तरी ते आणि पत्नी कोरेटा यांनी दक्षिणेत परतायचे ठरविले. १९५४ साली अलाबामातील माँटगोमेरी शहरात डेक्स्टर अव्हेन्यू चर्चचे ते पाद्री झाले.

तिथल्या बसची रीत अशी होती : कृष्णवर्णीयाने पुढच्या दाराशी पैसे द्यायचे, खाली उतरायचे आणि मागच्या दाराने चढायचे. मार्च १९५५ मध्ये क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीने जागा सोडली नाही म्हणून तिला अटक झाली. १ डिसेंबरला रोझा पार्क्स यांना अटक झाली. त्या रात्री शिक्षिका जो अॅन रॉबिन्सन यांनी बहिष्काराची हजारो पत्रके छापून घेतली. रेल्वेतील कामगार नेते ई. डी. निक्सन यांनी पाद्र्यांना एकत्र केले. ५ डिसेंबरला बस रिकाम्या धावल्या. दुपारी संघटना स्थापन झाली आणि अध्यक्ष म्हणून किंग निवडले गेले.

ते शहरात नवे होते, कुठल्याच गटाचे नव्हते, हेही त्यामागचे एक कारण होते. फसले तर दोष नव्या माणसावर जाईल, असेही काहींच्या मनात असावे. हेतू काहीही असो, गटबाजीने थकलेल्या शहराने वयाकडे पाहिले नाही. त्या संध्याकाळच्या सभेसाठी भाषण तयार करायला किंग यांना जेमतेम वीस मिनिटे मिळाली. हजारो लोक जमले होते.

जानेवारी १९५६ मध्ये एका मध्यरात्री धमकीचा फोन आला. बायको आणि तान्ही मुलगी झोपलेली. किंग स्वयंपाकघरात एकटे बसले. आपण मोडून पडतो आहोत, हे त्यांनी देवापुढे कबूल केले आणि तिथेच त्यांना बळ मिळाले. काही दिवसांत घरावर बाँब पडला. सूड घ्यायला जमलेल्या लोकांना त्यांनी शांतपणे घरी पाठविले. लोक ३८१ दिवस पायी चालले, एकमेकांच्या मोटारींतून गेले. अखेर सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेद बेकायदा ठरविला.

या विजयाला एक उणीव होती, ती आम्ही लपवणार नाही. क्लॉडेट कोल्विन गरीब घरची, वयाने लहान. म्हणून पुढाऱ्यांनी तिला लढ्याचा चेहरा होऊ दिले नाही. मात्र ज्या खटल्याने निकाल लागला, त्यात वादी म्हणून ती उभी होती. ज्या चळवळीने तरुणाला अध्यक्ष केले, तिलाच ही मुलगी दिसली नाही.

१९५९ साली किंग भारतात आले. केरळमधील एका शाळेत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची मुले होती. मुख्याध्यापकांनी किंग यांची ओळख अमेरिकेतील अस्पृश्य अशी करून दिली. आधी त्यांना धक्का बसला, मग ते खरेच आहे हे त्यांनी मान्य केले. १९६५ साली प्रवचनात त्यांनी स्वतः हा प्रसंग सांगितला. १९६४ साली नोबेल पारितोषिक मिळाले तरी ही ओळख त्यांनी टाकली नाही. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये त्यांची हत्या झाली, तेव्हा ते संपावर गेलेल्या सफाई कामगारांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी तिथे गेले होते. वय होते ३९.

किंग यांना त्यांच्या धर्माने हाक दिली, असे त्यांचे अनुयायी मानतात. आम्ही एवढेच पाहतो की ती हाक माणसांच्या तोंडून आली. मोलकरणींच्या पैशांनी बांधलेले सभागृह होते, शिकविणारा गुरू होता, रात्रभर पत्रके छापणारी शिक्षिका होती आणि बाजूला सरकायला तयार असलेले वडीलधारे होते. आपणही वर्गणी काढून विहारे बांधली. तिथे सव्वीस वर्षांच्या मुलाला अध्यक्षाची खुर्ची मिळते का? आणि पंधरा वर्षांची मुलगी बोलू लागली, तर माईक तिच्या हाती देतो का?