शिष्याच्या नावे उघडलेले खाते

तरुण पिढी ऐकत नाही, ही तक्रार प्रत्येक पिढीने केलेली आहे. कचेरीत साहेब करतात, शाळेत मास्तर करतात, घरी वडील करतात. पण ऐकण्यासारखे आपण त्यांना नेमके काय दिले, हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या अवघ्या ४८ वर्षांच्या आयुष्यात या हिशेबाच्या जमा आणि खर्च अशा दोन्ही बाजू दिसतात.

जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावचा. १८७९ साली वडील गेले. थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून नोकरीला लागले. पगार १५ रुपये. त्यातले ८ रुपये ते धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवीत. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झालेल्या गोपाळरावांनी मोठ्या पगाराची सरकारी नोकरी धरली असती, तर त्यांना कुणी बोल लावला नसता. ते पुण्याला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणितापासून इतिहासापर्यंत जो विषय वाट्याला येईल तो शिकवू लागले. त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक कितीतरी वर्षे शाळांतून चालले.

विशीतल्या या मास्तराला न्यायमूर्ती रानड्यांनी हेरले. वयात २४ वर्षांचे अंतर. रानड्यांनी उपदेश केला नाही, काम दिले. सरकारी अहवालांचे गठ्ठे पुढे टाकायचे, आकडे काढायला लावायचे, त्यावरून अर्जाचा मसुदा मागायचा आणि तो कच्चा निघाला की पुन्हा लिहायला लावायचा. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादनही याच काळात त्यांच्याकडे आले. एवढ्या कष्टाच्या अर्जाला सरकारकडून दोन ओळींचे उत्तर येते, मग हा खटाटोप कशाला, असे गोपाळरावांनी एकदा विचारले. अर्ज नावापुरते सरकारला असतात, खरे तर ते आपल्याच लोकांना विचार करायला शिकवण्यासाठी असतात, असा रानड्यांच्या उत्तराचा आशय होता. शंका काढणाऱ्या कनिष्ठाला गप्प न बसवता कामाचा हेतू सांगणे, हे आजही फार थोड्या साहेबांना साधते.

१८९७ साली वेल्बी आयोगापुढे गोखल्यांनी लंडनमध्ये उत्तम साक्ष दिली. पण त्याच मुक्कामात, पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून, त्यांनी प्लेगच्या बंदोबस्तातल्या सोल्जरांवर गंभीर आरोप केले. परतल्यावर पुरावा मिळेना. त्यांनी जाहीर माफी मागितली आणि पुण्यात त्यांची छी-थू झाली. हा माणूस राजकारणातून उठला, असे पुष्कळांना वाटले. रानड्यांनी मात्र हात सोडला नाही. १९०२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोखल्यांचे अंदाजपत्रकावरचे पहिलेच भाषण गाजले, तेव्हा रानडे जाऊन वर्ष उलटले होते. भाषणामागची तालीम त्यांचीच होती.

मग परतफेड सुरू झाली. १२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला. नव्या सभासदाने पाच वर्षे उमेदवारी करायची, अभ्यास करायचा, देश हिंडून पाहायचा आणि तुटपुंज्या वेतनावर राहायचे. मद्रासेतली हेडमास्तरकी सोडून श्रीनिवास शास्त्री आले. ना. म. जोशी आले, ठक्कर बाप्पा आले. पुढे जोशी गिरणी कामगारांत रमले, ठक्कर बाप्पा भिल्लांमध्ये आणि शास्त्री राजकारणात. एका साच्यातले गणपती तिथे तयार झाले नाहीत.

खरी कसोटी पाहिली ती मोहनदास गांधींनी. वयाने ते गोखल्यांहून तीनच वर्षांनी लहान. १९०१-०२ च्या सुमारास कलकत्त्यात ते महिनाभर गोखल्यांकडे राहिले होते. १९१२ साली गोखले प्रकृती बरी नसताना दक्षिण आफ्रिकेला जाऊन त्यांचे काम पाहून आले. गांधींचे 'हिंद स्वराज' मात्र त्यांना अगदी कच्चे वाटले. हिंदुस्थानात वर्षभर राहिले की गांधी स्वतःच ते नष्ट करतील, असा त्यांचा अंदाज होता. १९१५ च्या जानेवारीत गांधी परतले. समाजातल्या सहकाऱ्यांना त्यांची मते पटत नव्हती, म्हणून सभासदत्व अडले. गोखल्यांनी सहकाऱ्यांवर दडपण आणले नाही आणि गांधींना मते बदलायलाही सांगितले नाही. वर्षभर देश हिंडा, पाहा, ऐका, एवढीच अट घातली. शिवाय डॉ. देवांना सांगून समाजाच्या वहीत गांधींच्या नावे खाते उघडायला लावले. आश्रमासाठी आणि सार्वजनिक कामासाठी लागेल ती रक्कम द्यावी, अशी सूचना दिली.

बँकेत माझी सारी नोकरी तारण पाहून कर्जाची शिफारस करण्यात गेली. इथे तारण काहीच नव्हते आणि ऋणको आपल्या वाटेने जाणार नाही, हेही धनकोला पुरते ठाऊक होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, गोखले गेले. गांधींनी समाजाच्या सभासदत्वाचा अर्ज मागे घेतला. वर्षभर देश हिंडून पाहण्याचा शब्द मात्र त्यांनी पाळला.