कलामहर्षी बाबूराव पेंटर : आधी कागदावर, मग पडद्यावर

(द्वितीय वर्ष कला)

कोल्हापूर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंबाबाईचे देऊळ, खासबागेतल्या कुस्त्या आणि गुळाच्या ढेपा उभ्या राहतात. आपल्या सांगलीला खेटून असलेल्या या शहराला आणखी एक नाव आहे, ते म्हणजे कलापूर. ज्या मोजक्या माणसांमुळे हे नाव सार्थ झाले, त्यांत कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे स्थान फार वरचे आहे. चित्रकार, शिल्पकार, यंत्राचे जाणकार आणि चित्रपट-दिग्दर्शक अशा चार भूमिका एकाच आयुष्यात जगलेल्या या माणसाची ओळख आपल्या महाविद्यालयातील बंधुभगिनींना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विषय निवडण्यामागे एक घरगुती कारणही आहे. माझे वडील सुतारकाम करतात. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. मला ॲनिमेशन, म्हणजे चित्रे हलती करण्याची विद्या शिकायची आहे. पण त्यासाठी महागडा संगणक हवा, मोठ्या शहरातला क्लास हवा, फाडफाड इंग्रजी हवे, असे जो तो सांगतो. यातले काहीच माझ्याजवळ नाही. अशा मनःस्थितीत ग्रंथालयात जुन्या मराठी चित्रपटांविषयी वाचत असताना बाबूरावांची गाठ पडली आणि वाटले, अरे, हा तर आपल्याच घरातला माणूस!

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. घर कारागिराचे. हातात हत्यार आणि डोळ्यांत माप, हीच त्या घरची श्रीमंती होती. बाबूरावांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. चित्रकलेच्या कोणत्याही मोठ्या विद्यालयात ते शिकले नाहीत. पाहून, करून आणि चुकून ते शिकले. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव हे त्यांचे जोडीदार आणि एका अर्थाने गुरूच. दोघांनी मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला घेतले. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ करून मराठी रंगभूमीचा पाया घातला, त्याच परंपरेतल्या संगीत नाटकांचे ते वैभवाचे दिवस होते. साध्या कापडावर रंगवलेला राजवाडा खराखुरा वाटला पाहिजे, जंगलात शिरावेसे वाटले पाहिजे, हे कसब या दोन भावांनी असे काही साधले की १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतातील आघाडीचे पडदे रंगवणारे म्हणून त्यांचे नाव झाले. ‘पेंटर’ हे आडनाव त्यांना असे कामाने दिले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि या दोघा भावांना चित्रपटाचे वेड लागले. पडद्यावरचे चित्र हुबेहूब असले तरी जागचे हलत नव्हते. इथे तर चित्रच चालत होते! आपणही चित्रपट काढायचा, असे त्यांनी ठरवले. पण त्यासाठी लागणारा कॅमेरा परदेशातून आणणे हे त्यांच्या ऐपतीबाहेरचे होते. मग त्यांनी काय केले? कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला.

हे काम किती अवघड असेल याची कल्पना करून पाहा. चित्रपटाची फीत कॅमेऱ्यातून सलग धावून चालत नाही. तिने क्षणभर थांबायचे, तेवढ्यात झडप उघडून प्रकाश आत यायचा, झडप मिटायची, मग फीत बरोबर एक चौकट पुढे सरकायची. आणि हे सारे एका सेकंदात साधारण सोळा वेळा, हाताने दांडा फिरवून! दातेरी चाकांत केसाइतका फरक पडला तरी चित्र थरथरणार. या खटाटोपात असतानाच १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांचा जणू उजवा हात गेला. तरीही त्यांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले या शिष्याला हाताशी धरून १९१८ साली त्यांनी चालता कॅमेरा तयार केला.

याच सुमारास कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय होता, आणि तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवलासाठी पैसे दिले होते. कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात प्रदर्शित झाला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके जिवंत वठले होते की त्यावर सरकारी आक्षेप आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरवले. या चित्रपटात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी कामे केली. त्या काळी हे पाप समजले जाई. त्यांना त्यांच्या समाजाने वाळीत टाकले आणि कंपनीच्या आवारातच त्यांना आसरा घ्यावा लागला. चित्रपटाच्या इतिहासात या दोघींच्या धैर्याला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही, असे मला वाटते.

आता बाबूरावांच्या ज्या गुणासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळते. कॅमेऱ्याचा दांडा फिरवण्यापूर्वी ते चित्रपट कागदावर काढीत. पात्र कसे दिसेल, वेश कोणता असेल, ते कोठून कोठे जाईल, हे सारे ते रेखाटून ठेवीत. आज ॲनिमेशनच्या प्रत्येक स्टुडिओत हीच पद्धत आहे. तिला स्टोरीबोर्ड म्हणतात. गोष्टीचे तुकडे पाडून एकेका चौकटीत मांडायचे आणि मगच पुढच्या खर्चाला हात घालायचा. साध्या चित्रपटात एखादे दृश्य फसले तर ते पुन्हा घेता येते. ॲनिमेशनमध्ये मात्र एका सेकंदासाठी चोवीस चौकटी लागतात, म्हणून चूक कागदावरच सापडलेली बरी. आमचे वडील फळीवर आधी पेन्सिलीने रेघ मारतात, मग करवत लावतात. रेघ चुकली तर पुसता येते, फळी कापली की संपले! बाबूराव मेस्त्रींची रीत याहून वेगळी नव्हती.

या तयारीची फळे पडद्यावर दिसली. रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी त्यांनी माणसे वावरू शकतील अशी भरीव नेपथ्यरचना केली. पडदे रंगवून नाव कमावलेल्या माणसानेच पडदे बाजूला सारावेत, यातच त्यांचा मोठेपणा आहे. १९२३ सालच्या ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. चित्रपटाची माहितीपुस्तिका त्यांनी काढली, भव्य पोस्टरे स्वतः रंगवली. आणि १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ केला. देवदेवतांच्या आणि राजेरजवाड्यांच्या कथा सोडून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कथा त्यांनी पडद्यावर आणली. मूळ कथा ह. ना. आपट्यांची, आणि शेतकऱ्याच्या भूमिकेत होते तरुण शांताराम वणकुद्रे, म्हणजेच पुढचे व्ही. शांताराम. तो मूकपट आज आपल्याला पाहायला मिळत नाही, ही केवढी हानी आहे! कर्जाचा पाश काय असतो हे जत-आटपाडीकडच्या, माण-खटावकडच्या मुलामुलींना समजावून सांगण्याची गरज नाही.

चरित्र लिहिताना नायकाच्या आयुष्यातील कडू घोट गाळू नयेत. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले लोक कंपनीतून बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्ण्यांच्या साथीने त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३१ साली बोलपट आला. ज्यांनी चित्राला बोलके केले होते त्या बाबूरावांना आवाजाचे आकर्षण वाटले नाही. इतक्या कष्टाने घडवलेली चित्राची भाषा संवादांच्या गर्दीत हरवेल, अशी भीती त्यांना वाटे. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. शिष्य मात्र नव्या यंत्रावर स्वार होऊन पुढे गेले. पुण्यात प्रभातने १९३४ साली ‘जंबू काका’ हा छोटा ॲनिमेशनपटही काढला. त्यापूर्वी १९१५ साली फाळक्यांनी आगकाड्या हलवून एक गमतीचा चित्रपट केला होता. म्हणजे ज्या विद्येला आपण आज परदेशी समजतो, तिची मुळे आपल्या मातीतही आहेत.

बाबूराव पुन्हा रंग आणि शिल्प यांच्याकडे वळले. ‘सावकारी पाश’ त्यांनी १९३६ साली बोलपट म्हणून पुन्हा केला. १९४७ साली शांतारामबापूंच्या आग्रहावरून ‘लोकशाहीर रामजोशी’ त्यांनी हाती घेतला. गुरूला शिष्याचे बोलावणे आले, हा प्रसंग मला फार हृद्य वाटतो. त्या चित्रपटाचे लेखन आपल्या आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी केले होते. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात बाबूरावांची प्राणज्योत मालवली.

आज ॲनिमेशनची साधने पुष्कळ झाली आहेत. जपानमधील घिबली स्टुडिओने वापरलेल्या टून्झ या प्रणालीची मोफत आवृत्ती ओपनटून्झ या नावाने २०१६ पासून उपलब्ध आहे. ब्लेंडर आणि क्रिता यांनाही पैसे पडत नाहीत. ज्या काळात कॅमेरा घडवावा लागला त्या काळाशी तुलना केली तर आमची तक्रार थोडी लाजिरवाणी वाटते. पण संगणक चौकटी जोडून देईल, त्यांत काय काढायचे हे तो सांगणार नाही. तो भाग अजून कागद-पेन्सिलीचाच आहे.

यातून पोट भरेल का, असे वडील विचारतात. त्याचे सरळ उत्तर बाबूरावांच्या चरित्रात नाही. त्यांची कंपनी टिकली नाही हे मी त्यांना सांगितले. यंत्रे बदलतात आणि जो बदलत नाही तो मागे पडतो, हेही सांगितले. पण हातातली रेघ मात्र त्यांना शेवटपर्यंत सोडून गेली नाही. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कानावरची चपटी पेन्सिल मला दिली. पाठकोऱ्या कागदांवर माझ्या गोष्टीच्या चाळीस चौकटी तिनेच काढून झाल्या आहेत.

त्या थोर कारागिराच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.