स्टीफन हिस्लॉप : परक्या भूमीत रुजलेला शिक्षक

आपल्या वसतिगृहात नवा विद्यार्थी दाखल होतो, तेव्हा पहिले काही दिवस तो अबोल असतो. घर सुटलेले असते आणि नवी जागा अजून आपली झालेली नसते. अशा मुलांना पाहताना आम्हांला एका परदेशी तरुणाची आठवण होते. कुहीहून नागपूरला शिकायला गेलेल्यांच्या तोंडी हिस्लॉप महाविद्यालयाचे नाव सहज असते. परंतु ते नाव ज्या माणसाचे, त्याची ओळख फारच थोड्यांना आहे.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. एडिंबरा आणि ग्लासगो येथे त्यांचे शिक्षण झाले. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. धर्मगुरूंच्या नेमणुकीत जमीनदारांचा व सरकारचा हात नसावा, असे मानणाऱ्या शेकडो धर्मगुरूंनी आपली घरे व वेतने सोडून स्वतंत्र चर्च स्थापन केले. याच फ्री चर्चचे मिशनरी म्हणून हिस्लॉप डिसेंबर १८४४ मध्ये मुंबईस उतरले आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी नागपूर परिसरात पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. नागपूरला रेल्वे आली ती १८६७ साली. त्यामुळे मुंबई ते नागपूर हा सारा प्रवास त्यांना खुष्कीच्या मार्गानेच करावा लागला.

त्या वेळी नागपुरात तिसऱ्या रघुजी भोसल्यांचे राज्य होते. सीताबर्डीस इंग्रज रेसिडेंट होता आणि कामठीस छावणी होती. हिस्लॉप या सत्तेच्या छायेत आले, हे नाकारता येणार नाही. परंतु छावणीच्या परिघात राहून ते समाधानी झाले नाहीत. त्यांनी मराठी शिकून घेतली आणि १८४६ साली नागपूर शहरात शाळा उघडली. याच शैक्षणिक कार्यातून पुढे, त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, म्हणजे १८८३ साली, त्यांच्या नावाचे महाविद्यालय सुरू झाले.

शिकविण्यासाठी आलेला हा माणूस स्वतः मात्र आयुष्यभर विद्यार्थीच राहिला. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह ते सीताबर्डीची टेकडी, टाकळीचा परिसर आणि दूरदूरची गावे पालथी घालीत. काळ्या ज्वालामुखी खडकाच्या थरांमध्ये दडलेल्या मातीच्या थरात त्यांना गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे आणि वनस्पतींचे अवशेष सापडले. लाव्हाच्या दोन उद्रेकांमध्ये दीर्घ शांततेचा काळ गेला होता आणि त्या काळात येथे तळी होती, याचा तो पुरावा होता. ज्या दगडांवरून आपण रोज चालत जातो, ते वाचता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. हिस्लोपाइट या खनिजाला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

खडकांइतकेच त्यांनी माणसांकडेही लक्ष दिले. गोंड समाजाची भाषा, चालीरीती आणि परंपरा यांची त्यांनी नोंद केली. गोंडांचा आदिपुरुष लिंगो याची कथागीते तोवर प्रधानांच्या कंठातच जिवंत होती. ती त्यांनी कागदावर उतरवून घेतली. ही टिपणे १८६६ साली सर रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. ज्यांना इतिहास नाही असे समजले जात होते, त्यांच्या स्मृतीला त्यामुळे ग्रंथात जागा मिळाली.

येथे आमचा मतभेदही नोंदविला पाहिजे. हिस्लॉप ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठी आले होते आणि त्यांच्या हयातीत धर्मांतर करणारे मोजकेच निघाले. सत्य दुसऱ्याच्या दारी नेऊन पोहोचवावे लागते, अशी त्यांची श्रद्धा होती. आमचा मार्ग वेगळा आहे. याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लाखो बांधवांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला, तो स्वतःच्या विवेकाने. तरीही शाळेचे ऋण वेगळे मोजावे लागते. जोतीराव फुले पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४८ साली त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. शाळा काढणाऱ्याचा हेतू काहीही असो, तेथे शिकलेला माणूस पुढे काय करील, हे त्याच्या हाती राहत नाही. आम्हां शिक्षकांना यात दिलासाही वाटतो आणि जबाबदारीचे भानही येते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहावयास गेले होते. परतताना ते घोड्यावर एकटेच होते. पावसाने बोरीजवळचा ओढा फुगला होता; त्यात ते बुडाले. सेहेचाळीसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता. ज्या मातीत ते परके म्हणून आले, तिचाच भूतकाळ शोधताना त्यांचा अंत झाला.

टाकळघाट परिसरात पुढे १९६८ च्या सुमारास नागपूर विद्यापीठाने शास्त्रशुद्ध उत्खनन केले. आपल्या कुही तालुक्यातही मांढळ आणि आडम येथे उत्खनने झाली. मांढळच्या ताम्रपटांनी वाकाटकांच्या इतिहासात भर घातली. शेजारच्या पवनीत बौद्ध स्तूपांचे अवशेष निघाले. हा वारसा आपल्या उंबरठ्याशी आहे. तरी आपल्यापैकी किती जणांनी मुलांना बोट धरून तेथे नेले आहे? स्कॉटलंडहून आलेल्या तरुणाने अठरा वर्षांत ही भूमी पायी तुडवून समजून घेतली. आपण तर येथेच जन्मलो. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील जुन्या टेकाडांची, आजीच्या ओव्यांची आणि भीमगीते गाणाऱ्या वृद्धांच्या आठवणींची एकेक वही लिहून या शाळेच्या ग्रंथालयास द्यावी, अशी आमची विनंती आहे. पहिली वही आम्ही लिहावयास घेतली आहे.