लोकविश्वासाचे अधिष्ठान

पुढाऱ्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर व्यासपीठावर मिळत नाही. तेथे टाळ्या मिळतात. आणि टाळ्यांनाच विश्वास समजणारे पुढारी आपल्याकडे प्रत्येक पिढीत निघाले आहेत. खरे उत्तर शोधावयाचे तर आम्ही वाचकांस पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगावी नेऊ इच्छितो. दौंड तालुक्यातील या गावी पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन आहे, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला.

टाळ्यांची वाण रमाबाईंनाही नव्हती. १८५८ साली जन्मलेल्या या कन्येस अनंतशास्त्री डोंगरे व लक्ष्मीबाई या मातापित्यांनी लोकनिंदा सोसून संस्कृत विद्या दिली. दुष्काळाने त्या दोघांचाही घास घेतल्यावर बहीणभाऊ उपाशीतापाशी देशभर हिंडले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी वीस वर्षांच्या रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. अन्य जातीतील बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी त्यांनी विवाह केला; तेही १८८२ साली निवर्तले. तान्ह्या मनोरमेस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, आणि स्त्रियांना स्त्री-शिक्षक व स्त्री-डॉक्टर हवेत अशी मागणी हंटर कमिशनपुढे केली. त्या वेळी सारे सुधारक त्यांच्या पाठीशी होते.

१८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि तेथून त्यांच्या कसोटीस प्रारंभ झाला. अमेरिकेत व्याख्याने देऊन व ग्रंथ लिहून त्यांनी साहाय्य मिळविले आणि १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले; पुढील वर्षी ते पुण्यास आणले. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, असे ठरले होते. पण रमाबाई स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी दार लावीत नसत आणि काही मुली आपण होऊन तेथे जाऊन बसत. १८९३ साली त्यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने कठोर टीका केली, रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागारपद सोडले, आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. पालकांची तक्रार अगदीच अनाठायी होती, असे आम्ही म्हणणार नाही. तटस्थतेच्या भरवशावर मुली पाठविणाऱ्यास शंका येणे स्वाभाविक होते. परंतु रमाबाईंनी आपली श्रद्धा लोकप्रियतेसाठी झाकली नाही, हेही तितकेच खरे. त्यांचे मत न पटणाऱ्यासही ते काय आहे, हे निश्चित ठाऊक असे. आजच्या किती पुढाऱ्यांविषयी असे म्हणता येईल?

पुण्यातील प्रतिष्ठितांचा विश्वास अशा रीतीने गेला. पुढे जो मिळाला, तो ज्यांच्यापाशी देण्यासारखे काहीच नव्हते अशांचा. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि अन्नान्न झालेल्या मुलींना घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या माळावर त्यांची सोय केली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. उपास म्हणजे काय, हे त्या मुलींना ज्या बाईंपुढे सांगावे लागत नव्हते, त्या बाईंवर त्यांचा जीव बसला यात नवल कसले?

मात्र नुसत्या कणवेवर विश्वास टिकत नाही. रमाबाईंनी मुलींना जन्मभर ओशाळे करून ठेवले नाही. त्यांच्या हाती काम दिले. शेती, विणकाम, तेलाची घाणी, छापखाना ही सारी कामे स्त्रिया करीत. अंध मुलींनाही तेथे ब्रेल लिपी शिकवीत. आणि या मुलींसाठी सत्तेचा रोष पत्करण्यासही त्या कचरल्या नाहीत. प्लेगच्या रुग्णालयात नेलेल्या आपल्या एका मुलीची आबाळ झाली, तेव्हा १८९७ साली त्यांनी मुंबई सरकारवर वृत्तपत्रातून उघड टीका केली. तो विषय ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. सरकार स्वधर्मीयांचे होते, म्हणून त्यांची लेखणी अडली नाही. त्याच सरकारने १९१९ साली त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले.

१९२१ साली त्यांची वारस ठरलेली मनोरमा वारली. तरीही मूळ हिब्रू व ग्रीकवरून चालविलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी मरणापूर्वी पुरे केले. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या आणि हिंगण्याच्या संस्थेसाठी दारोदार वर्गणी मागत हिंडल्या. रमाबाईंच्या कार्याचे फळ त्यांच्या धर्माच्या कुंपणात मावले नाही, याचा आणखी पुरावा कशास हवा?

रमाबाईंच्या धर्मांतराविषयी मतभेद होते आणि पुढेही राहतील. पण आपले मत उघड ठेवणे, दुःखितांपर्यंत स्वतः चालत जाणे, त्यांना स्वतःच्या पायांवर उभे करणे आणि त्यांच्यासाठी आपल्या माणसांसही जाब विचारणे, या चार सवयींविषयी मतभेद नसावा. मते मागावयास निघणाऱ्या प्रत्येकाने दौंडच्या वाटेवर केडगावी क्षणभर उतरावे, आणि यांपैकी आपल्यापाशी काय आहे, हे स्वतःस विचारावे, असे आम्हांस वाटते.