प्लेगची लस शोधणारे वाल्देमार हाफकिन

१८९७ साली प्लेगने पुण्याची दैना केली. रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च रोजी त्याच रोगाला बळी पडल्या. घरांच्या झडत्या आणि रँडचा खून हा इतिहास आपण शाळेत शिकलो; परंतु त्याच वर्षी मुंबईतून प्लेगची लस बाहेर पडली, हे फारसे सांगितले जात नाही. तिचे जनक वाल्देमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे यहुदी कुटुंबात झाला. धर्मांतरास नकार दिल्यामुळे तेथे त्यांच्या उत्कर्षाचे मार्ग बंद झाले. १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले, तेही प्रथम ग्रंथपाल म्हणून! तेथे त्यांनी कॉलऱ्याचे जंतू ३९ अंश उष्णतेत, सतत हवा खेळती ठेवून वाढविले व त्यांचा जोर कमी केला. १८९२ मध्ये ही लस त्यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

१८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगचे काम सुरू केले. मांसाच्या रस्स्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात, हे त्यांना दिसले. मात्र भांडे हलता कामा नये. वाढ झाली की भांडे हलवून ती तळाशी पाडायची व पुन्हा नवी वाढ येऊ द्यायची, असा काही आठवड्यांचा क्रम. शेवटी उष्णतेने जंतू मारले की लस तयार. तूप आपल्या स्वयंपाकघरातले. त्याचा असा उपयोग कोणाला सुचला असता?

याच सुमारास हँकिन व ल्यूमान यांना आढळले की, मीठ अधिक घातलेल्या माध्यमावर प्लेगचे जंतू फुगून वेडेवाकडे होतात. प्रतिकूल परिस्थितीत अनेक जंतूंच्या पेशींची वाढ व त्यांचे विभाजन यांचा मेळ बदलतो. विभाजन अडते आणि पेशी मात्र वाढत राहते, हे आता आपल्याला ठाऊक आहे. त्या काळी ही प्लेगचा जंतू ओळखण्याची एक खूण ठरली.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही स्वतःवर प्रथम अजमावली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. पुण्याजवळ खडकीच्या लष्करी वस्तीत लस घेतलेल्या ६७१ जणांपैकी १७ दगावले. न घेतलेल्या ८५९ पैकी ९८. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली.

आणि मग घात झाला. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मृत्युमुखी पडली. धनुर्वाताचा जंतू परिस्थिती बिघडली की विभाजन थांबवून टणक कवचाचा बीजाणू बनतो व मातीत वर्षानुवर्षे तग धरतो. बाटली उघडणाऱ्या मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक झाला नव्हता. तरीही दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. ज्या मनुष्याने दोन्ही लसी प्रथम आपल्या अंगावर घेतल्या, त्याला निष्काळजी ठरविणे हा घोर अन्याय होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांच्या बाजूने जाहीरपणे लिहिले, तेव्हा १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. ते भारतात परतले, पण परळला नव्हे, कलकत्त्याला. पूर्वीचा अधिकार त्यांना मिळाला नाही. निवृत्तीनंतर ते युरोपात राहिले. ज्या धर्मासाठी तरुणपणी त्यांनी किंमत मोजली, त्याच्या शिक्षणसंस्थांसाठी त्यांनी आपली संपत्ती ठेवली. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले होते.